ज्यांचे पोट हातावर, त्यांचा हात

या व्यासपीठावरून दर वसंतात मोठमोठे विषय मांडले जातात. कोणी राज्यघटनेवर बोलतो, कोणी संतवाङ्मयावर, कोणी ग्रहताऱ्यांवर. त्या मानाने आमचा विषय फार लहान, म्हणजे अक्षरशः मनगटाएवढा आहे. शिवाय आम्ही डॉक्टर नाही की इंजिनियर नाही. शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, कामगारांच्या दवाखान्याच्या बाकावर आणि नगरवाचनालयात झाले. परंतु तीस वर्षांहून अधिक काळ संघटनेचे काम करताना स्त्रीपुरुष कामगारांचे जे हात पाहण्यात आले, त्यांनीच हा विषय आम्हांला शिकविला, आणि तो आपल्यापुढे मांडावा असे वाटले.

गरीब माणसाचे वर्णन करताना आपण म्हणतो, 'त्याचे पोट हातावर आहे.' हात चालला तर पोट चालते, असा त्याचा साधा अर्थ. आता ज्या वस्तूवर अख्ख्या घराचे पोट अवलंबून आहे, त्या वस्तूची आपण निगा काय राखतो? यंत्राला तेलपाणी होते. बैलाला पोळ्यापुरती का होईना विश्रांती मिळते. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो, पण हत्यार धरणाऱ्या हाताकडे कोणी पाहत नाही. तो दुखू लागला तरी पाहत नाही.

याचे कारण उघड आहे. यंत्रात बोट सापडले तर रक्त येते, धावपळ होते, कागदावर तारीख पडते, साक्षीदार मिळतात आणि भरपाईचा अर्ज करता येतो. परंतु तीच बोटे पंधरा वर्षांत हळूहळू निकामी झाली तर त्या घटनेला तारीख नसते आणि साक्षीदारही नसतो. मग 'हात दुखतो' म्हणणाऱ्याला तीनच उत्तरे मिळतात. एक, वय झाले. दोन, कामाची सवय नाही. तीन, कामचुकारपणा आहे. तिन्ही उत्तरांत दोष हाताचा, म्हणजे माणसाचा. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. कामाने दुखावलेला हात हा बहुधा वाईट मांडलेल्या कामाचा पुरावा असतो. कामाची मांडणी देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे. म्हणून ती माणसाला बदलताही येते.

हे म्हणणे काही आमच्या डोक्यातून निघालेले नाही. इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले. कामकऱ्यांच्या रोगांवरचा त्यांचा ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध झाला. त्या काळचे वैद्य रोग्याची नाडी पाहात, जीभ पाहात, आहार विचारीत. रामाझ्झिनींनी सांगितले, की आणखी एक प्रश्न विचारा : तू काम काय करतोस? लेखनिकांविषयी लिहिताना त्यांनी दुखण्याची तीन कारणे दिली. सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला. तो मोठ्या जिद्दीने डाव्या हाताने लिहावयास शिकला. पुढे डावाही हात तसाच गेला, अशी हकीकत त्यांनी नोंदविली आहे. या हकीकतीचे तात्पर्य स्पष्ट आहे. हात बदलला, काम तेच राहिले, म्हणून दुखणेही तेच राहिले.

आता हाताची रचना थोडी समजून घेऊ. आपल्याकडे 'शीर धरली', 'शीर आखडली' असे म्हणतात. परंतु या एका 'शीर' शब्दात तीन निरनिराळ्या वस्तू आपण कोंबल्या आहेत. रक्त वाहून नेणारी ती रक्तवाहिनी. संवेदना आणि हुकूम वाहून नेणारा तो मज्जातंतू. आणि स्नायूचे टोक हाडाला जोडणारी दोरीसारखी चिवट पट्टी ती कंडरा. बोटे हलविणारे स्नायू बोटांत नाहीत. त्यांतले मोठे स्नायू कोपराखालच्या हातात आहेत, आणि तेथून लांब कंडरा मनगटातून बोटांपर्यंत गेल्या आहेत. कळसूत्री बाहुली वरून ओढलेल्या दोऱ्यांनी नाचते, तशी आपली बोटे कोपराजवळून ओढली जातात. एक हात टेबलावर ठेवून बोटे हलवा आणि दुसरा हात कोपराच्या खाली धरा. आत हालचाल चाललेली कळेल.

या दोऱ्यांपैकी नऊ दोऱ्या मनगटाच्या आतल्या बाजूने एका अरुंद बोगद्यातून जातात. बोगद्याची जमीन आणि भिंती मनगटाच्या लहान हाडांच्या आहेत. छत एका जाड, न ताणल्या जाणाऱ्या पट्ट्याचे आहे. याच बोगद्यातून नऊ दोऱ्यांच्या सोबतीने एक महत्त्वाचा मज्जातंतूही जातो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना त्याच्याकडे आहे. दोऱ्यांवर गुळगुळीत आवरण आहे आणि आत वंगणासारखा द्रव आहे. दोऱ्या माफक सरकल्या तर शंभर वर्षे तक्रार नाही. पण त्या दिवसातून हजारो वेळा, जोराने आणि वाकड्या मनगटातून सरकू लागल्या, की आवरण सुजते. बोगदा तर रुंद होत नाही. मग चेपला जातो तो बिचारा मज्जातंतू. रात्री हाताला मुंग्या येतात, माणूस उठून हात झटकतो, सकाळी कपाची कानी धरवत नाही. करंगळी मात्र शाबूत असते, कारण तिची संवेदना निराळ्या तंतूकडे आहे. पुष्कळ दिवस दुर्लक्ष झाले तर अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा झिजून सपाट होतो. तो मग पूर्ववत होईलच असे सांगता येत नाही.

दुखण्याचे हे एकच स्थान नव्हे. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या कडेला दोन कंडरा एका आवरणातून जातात. तेथली सूज स्विस शल्यवैद्य फ्रिट्झ द केर्व्हें यांनी १८९५ साली वर्णिली. कपडे पिळणाऱ्या धोबिणींचे दुखणे म्हणूनही ती युरोपात ओळखली जाई. कोपराच्या बाहेरच्या हाडावर होणारी वेदना निराळी. परंतु या सर्वांची मुळे पाहिली तर तीच ती चार सापडतात : जोर, पुनरावृत्ती, वाकडी ठेवण आणि यंत्राचा थरार. अमेरिकेच्या सरकारी कामगार-आरोग्य संस्थेने १९९७ साली तोवरचे शेकडो अभ्यास तपासून हाच निष्कर्ष काढला. विशेषतः यांतली दोन-तीन कारणे एकत्र आली, की धोका फार वाढतो असे सांगितले. थराराचा दाखला तर त्याहूनही जुना आहे. इंडियाना प्रांतातील बेडफर्ड येथे चुनखडीचे दगड हवेच्या हातोड्याने घडविणाऱ्या कामगारांची बोटे थंडीत पांढरीफटक आणि बधिर पडत. डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली तेथे जाऊन ते तपासले होते.

वाकड्या मनगटाविषयी एक प्रयोग आपण बसल्या जागी करून पाहावा. डाव्या हाताची दोन बोटे उजव्या मुठीत धरा आणि उजवे मनगट सरळ ठेवून आवळा. आता तेच मनगट तळव्याच्या बाजूला होईल तितके वाकवा आणि पुन्हा आवळा. मुठीत जोरच उरत नाही. लाठी फिरविणाऱ्या मुलांना हे ठाऊक असते. प्रतिस्पर्ध्याचे मनगट आत दाबले, की त्याच्या मुठीतली काठी आपोआप सुटते. तात्पर्य हे, की जो कामगार वाकड्या मनगटाने काम करतो त्याला तेवढ्याच कामासाठी कितीतरी अधिक जोर लावावा लागतो. शिवाय दोऱ्या बोगद्याच्या कडेवर घासतात त्या वेगळ्याच. विहिरीच्या दगडी काठावरून दोर ओढला तर तो झिजतो. रहाटावरून ओढला तर वर्षानुवर्षे टिकतो. दोर तोच, पाणी तेवढेच, फरक फक्त ओढण्याच्या वाटेचा.

चिमटीचेही असेच आहे. अंगठा आणि बोटे यांच्या टोकांची चिमूट मुठीच्या मानाने फार दुबळी. तिची ताकद साधारण पाव भरते. जी वस्तू मुठीत धरता आली असती ती चिमटीत धरावयास लावणे म्हणजे चार माणसांचे ओझे एकाच्या डोक्यावर देणे. आणि हात नुसता पुढे ताणून धरला, काहीही उचलले नाही, तरी तो थकतो. आवळलेल्या स्नायूत रक्ताचा पुरवठा कमी होतो. हलणाऱ्या स्नायूला रक्त मिळते, ताठ राहिलेल्याला मिळत नाही. म्हणून 'ती तर नुसती हात धरून बसलेली असते' हे वाक्य ज्याने कधी तसा हात धरला नाही त्यानेच उच्चारावे.

या सर्व विचाराला एर्गोनॉमिक्स असे नाव आहे. ग्रीक भाषेतील काम आणि नियम या दोन शब्दांपासून ते वॉइचेख यास्त्शेम्बोव्हस्की या पोलिश शास्त्रज्ञाने १८५७ साली बनविले; पुढे १९४९ साली इंग्लंडात त्या नावाची संस्थाच निघाली. आम्ही आमच्या सभांतून त्याला 'कामाची बैठक' म्हणतो. गाण्याला बैठक लागते, कुस्तीला लागते, तशी कामालाही लागते. आणि तिचे मुख्य सूत्र एका ओळीत सांगता येते : माणसाला कामाजोगा वाकवू नका, कामाला माणसाजोगे वाकवा.

हे सूत्र आपल्या आयाबायांना अपरिचित नव्हते. विळी पाहा. हत्यार स्थिर धरण्याचे काम पायाखालच्या पाटाकडे दिले आणि दोन्ही हात भाजी पुढे सारण्यास मोकळे ठेवले. जात्याचा खुंटा उभा असतो. तो धरताना मनगट वाकवावे लागत नाही आणि ओढण्याचे काम खांदा व पाठ करतात. समोर दुसरी बाई बसली तर भार निम्मा होतो. जात्याने बायकांचे सुख वाढविले असे आम्हांला मुळीच म्हणावयाचे नाही. त्या कष्टाने कित्येकींचे खांदे मोडले. परंतु ज्याने तो खुंटा उभा बसविला, त्याने धरणाऱ्या हाताचा विचार केला होता. आजचे पुष्कळसे हत्यार दुकानातील काचेच्या कपाटात शोभावे म्हणून घडविलेले असते.

एका कारखान्यातील अनुभव सांगतो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे स्त्रिया टेबलावर सपाट ठेवलेल्या पेटीत वरून स्क्रू बसवीत. व्यवस्थापनाने चांगल्या हेतूने विजेवर चालणारे नवे स्क्रू-ड्रायव्हर आणले. ते पिस्तुलाच्या आकाराचे होते. पिस्तूल समोरच्या भिंतीत स्क्रू मारण्यास उत्तम. पण टेबलावरच्या वस्तूत वरून खाली स्क्रू मारावयाचा तर कोपर खांद्याइतके वर उचलावे लागते, नाही तर मनगट मोडावे लागते. त्यातून टेबले पुरुषांच्या उंचीची. काही महिन्यांत हातांना पट्ट्या बांधून बायका कामावर येऊ लागल्या. वरिष्ठांचे मत पडले, की या बायका घरचे काम करून दमतात. आम्ही मागणी पगाराची केली नाही, तीन वस्तूंची केली. सरळ दांड्याचे, वरून स्प्रिंगला टांगलेले स्क्रू-ड्रायव्हर. म्हणजे हत्याराचे वजन छप्पर पेलील आणि मनगट सरळ राहील. बुटक्या बायकांच्या पायांखाली लाकडी फळ्यांचे चौथरे. आणि स्क्रूंचे डबे हात लांब न करता पोचतील इतके जवळ. पहिली वस्तू मिळावयास दीड वर्ष लागले. चौथरे मात्र कारखान्याच्या सुताराने पडीक लाकडातून आठवड्यात करून दिले. दुखणी एका दिवसात गेली नाहीत, पण नव्या मुलींना ती लागेनाशी झाली. अमेरिकेतील एर्विन तिचावर या संशोधकाने असाच दाखला दिला आहे. विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात शिकाऊ कामगारांच्या एका गटाला सरळ पकडी दिल्या, दुसऱ्याला वाकविलेल्या मुठीच्या. बारा आठवड्यांअखेर सरळ पकडीवाल्यांत मनगटाची दुखणी कितीतरी अधिक निघाली. म्हणजे पकडीने वाकावे, मनगटाने नव्हे.

आता बिडीकडे वळू. सोलापूर, सिन्नर, नगर, कामठी, गोंदिया, भंडारा या नावांशी बिडी निगडित आहे, आणि बिडी वळणाऱ्या बहुतांशी स्त्रिया आहेत. तेंदूचे पान भिजवावयाचे, कात्रीने मापात कापावयाचे, त्यात तंबाखू भरून वळावयाचे, टोके मुडपावयाची आणि दोरा बांधावयाचा. एका बिडीला बोटांच्या फक्त पाच हालचाली धरल्या, वास्तविक त्या अधिक असतात, तरी हजार बिड्यांना पाच हजार हालचाली झाल्या. आणि सर्व चिमटीच्या. बैठक जमिनीवर, मांडीवर सूप, मान खाली. मजुरी दर हजारी. वाईट ठरलेली बिडी बाजूला काढली जाते, तिचे श्रम पाण्यात. १९६६ साली बिडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. परंतु घरी नेऊन वळलेल्या बिडीवर बैठकीचा नियम कोण लावणार?

येथे दुखण्याच्या मुळाशी जाऊन पोचतो. जेथे मजुरी नगावर आहे तेथे विश्रांतीचे पैसे कामगार स्वतःच्या खिशातून भरतो. पाच मिनिटे हात झटकले, की तेवढ्या बिड्या गेल्या. अशा बाईला 'मधूनमधून हाताला विसावा द्या' असा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला आहारशास्त्र शिकविणे होय. म्हणून कामाच्या बैठकीचा प्रश्न नुसत्या खुर्ची-टेबलाचा नाही. तो दराचाही आहे. ज्या दरात विश्रांतीचा वेळ धरलेला नाही तो दर हात झिजवूनच परवडतो. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी १९११ साली आपला ग्रंथ लिहून घड्याळ लावून काम मोजण्याची विद्या रूढ केली. त्या घड्याळाने विचारले, एका तासात किती? आमचा प्रश्न एवढाच आहे, की असे किती वर्षे?

कचेरीत बसणाऱ्या श्रोत्यांना हे सारे कष्टकऱ्यांपुरते वाटू नये. टाइपरायटरचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना आठवेल, की ओळ संपत आली की घंटी वाजे, डाव्या हाताने गाडी सरकवावी लागे, पान संपले की कागद बदलावा लागे, चूक झाली की खोडावी लागे. त्या वेळी हे सारे कटकटीचे वाटे. पण हाताला मिळणारा तो फुकटचा विसावा होता. संगणकाने घंटी काढून टाकली आणि विसावाही गेला. आता बोटे तासन्‌तास त्याच चार ओळींवर नाचतात, मनगट टेबलाच्या धारेवर टेकलेले असते, आणि माऊस इतका दूर, की खांदा दिवसभर ताणलेला. घरी गेल्यावर मोबाइलवर अंगठा चालू. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्यात माहिती भरणाऱ्या कारकुनांवरचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या दोन सुट्यांखेरीज त्यांना तासागणिक पाच मिनिटांची, दिवसाकाठी एकंदर वीस मिनिटांची, जादा विश्रांती देऊन पाहिली. हातांचा त्रास कमी झाला आणि काम मुळीच घटले नाही. मालकवर्गाने हे शेवटचे वाक्य पुन्हा एकदा वाचावे अशी आमची विनंती आहे.

'हे सारे मनाचे खेळ आहेत' हा आक्षेप जुना आहे. इंग्लंडात तारायंत्राची कळ दाबून दाबून तारमास्तरांचे हात आखडत. १९०८ साली ते दुखणे भरपाईच्या यादीत घेतले गेले. त्यावर नेमलेल्या समितीने १९११ च्या अहवालात दोन कारणे दिली : हाताचा वारंवार होणारा शीण आणि तारमास्तराच्या अंगचा चंचल मज्जास्वभाव. पुढे १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात कळफलकावर काम करणाऱ्या हजारो कामगारांचे हात दुखू लागले, तेव्हाही अर्धे डॉक्टर हाताकडे आणि अर्धे मनाकडे बोट दाखवीत होते. आमचे उत्तर सरळ आहे. मनाचा ताण खराच. वरिष्ठाची नजर, वेगाची धास्ती, नोकरीची चिंता यांनी खांदे आणि मुठी आवळल्या जातात. रामाझ्झिनींनीही तो गणला होता. पण मन काही कामगाराने घरून आणलेले नाही. तो ताणही त्याच कामाच्या मांडणीत आहे.

तरीही न्यायाने सांगितले पाहिजे, की हाताच्या प्रत्येक मुंगीला काम कारणीभूत नसते. मधुमेह, थायरॉइडचे विकार, सांधेदुखी आणि गरोदरपण यांतही बोटे बधिर होतात. म्हणून डॉक्टरला दाखवावेच. मात्र आपले काम काय आणि ते कसे करतो, हे त्याने विचारले नाही तर आपणच सांगावे.

कायद्याची स्थिती आता पाहा. १९४८ च्या कारखाना कायद्याला कळविण्याजोग्या रोगांची जी यादी जोडली गेली, तीत पुढे २९ रोग होते. शिशाची विषबाधा, सिलिकॉसिस, कापसाच्या धुळीचा फुप्फुसरोग, आवाजाने येणारा बहिरेपणा, हे सारे तीत आहे. कंडरेची सूज आणि मनगटातला चेपलेला तंतू नाही. २०२० च्या संहितेतील यादीही त्याच वळणाची आहे. उलट आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०१० साली सुधारलेल्या यादीत ही दुखणी नावानिशी दिलेली आहेत. ज्याचे नाव यादीत नाही तो रोग डॉक्टर कळवीत नाही. कळविला नाही म्हणून मोजला जात नाही. मोजला नाही म्हणून 'आमच्याकडे ही तक्रारच नाही' असे म्हणता येते. हे चक्र तोडावयाचे तर यादीत नाव आले पाहिजे, ही आमची मागणी आहे. ती सोपी नाही हे आम्ही जाणतो. अमेरिकेत २००० च्या नोव्हेंबरात असा एक व्यापक नियम झाला, आणि खर्चाची ओरड होऊन २००१ च्या मार्चमध्ये तेथील काँग्रेसने तो रद्द केला. शास्त्र हाताशी असूनही ते नियमात टिकवून ठेवावयास संघटित बळ लागते.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातले बरेच स्वस्त आहे. कामाची उंची कोपराएवढी असावी. बारीक काम त्याहून थोडे वर, जोराचे काम वीतभर खाली. कोपर अंगाजवळ, मनगट सरळ. हत्याराची मूठ तीन-चार सेंटिमीटर जाड असावी. बारीक असेल तर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळावी. कात्री, कोयता, सुरी यांना वेळेवर धार लावावी; बोथट हत्याराची धार हाताने भरून काढावी लागते. थरथरणारे यंत्र एकाच्याच हाती दिवसभर देऊ नये. कामाची अदलाबदल करावी. पण एका चिमटीच्या कामावरून दुसऱ्या चिमटीच्या कामावर बसविणे ही अदलाबदल नव्हे. नवीन माणसाला आणि आजारातून उठलेल्याला पहिल्या दिवसापासून पुरा वेग मागू नये. घरी चादरी पिळताना दोन्ही मनगटे उलटसुलट पिरगळण्याऐवजी कपडा नळाभोवती अडकवून ओढून पिळावा. रात्री मुंग्या येत असतील तर मनगट सरळ ठेवणारी पट्टी डॉक्टरांच्या सल्ल्याने बांधावी. आणि सर्वांत मोठी गोष्ट, दुखणे लहान असतानाच बोलावे. पहिल्या महिन्यात विसाव्याने जे भागते, तिसऱ्या वर्षी त्याला शस्त्रक्रिया लागू शकते.

कोणी म्हणेल, की कामाचे स्वरूप असे बदलते काय? आपल्याच बाजारपेठांत ते बदललेले आहे. एके काळी हमालाच्या पाठीवर शंभर किलोचे पोते चढत असे. ते पोते पन्नास किलोचे व्हावे असा आग्रह हमालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे धरला, तेव्हा व्यापार बुडेल असे सांगणारे थोडे नव्हते. आज साखरेचे पोते पन्नास किलोचे असते आणि व्यापार जागच्या जागी आहे. या काळात माणसाच्या पाठीची रचना काही सुधारली नाही. ती होती तशीच आहे. सुधारले ते पोते.

पाठीसाठी जे झाले ते मनगटासाठी व्हावयास काहीच हरकत नाही. बिडीच्या दर हजारी मजुरीत विसाव्याची मिनिटे धरली जावीत, टेबल बाईच्या कोपराला जुळावे, हत्याराची मूठ हातासाठी घडावी, आणि दवाखान्यातल्या कागदावर 'व्यवसाय' या शब्दापुढची जागा कोरी राहू नये, इतकेच आमचे मागणे आहे. आपल्यापैकी कोणी मालक असतील, कोणी डॉक्टर, कोणी अधिकारी, आणि पुष्कळजण आमच्यासारखे हातावर पोट असणारे. उद्या कामावर गेल्यावर आपापल्या ठिकाणी शेजारच्या माणसाचे मनगट सरळ आहे की वाकडे, एवढे प्रत्येकाने पाहावे. वाकडे दिसले तर त्या माणसाला काही बोलू नये; त्याच्यापुढचे टेबल आणि त्याच्या हातातले हत्यार तपासावे.